मुद्रणालयातून व्यासपीठावर

हाती वाद्य नाही, सोबतीस नट नाही, अशा स्थितीत एकट्याने उभे राहून केवळ बोलण्याने श्रोतृसमाजास हसवावयाचे आणि त्यावरच चरितार्थ चालवावयाचा, या व्यवसायास आज ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात. कीर्तनाची सवय असलेल्या आपल्या समाजास एकट्याने सभा रंगविण्याची कल्पना नवी नाही. तथापि कीर्तनातील विनोद हा बोधाचा सेवक असतो. बोधाला रजा देऊन विनोदालाच मुख्य आसनावर बसविणाऱ्यांत अमेरिकेच्या चार्ल्स फरार ब्राऊनचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

ब्राऊनचा जन्म १८३४ साली मेन संस्थानातील वॉटरफर्ड गावी झाला. लहानपणीच तो छापखान्यात उमेदवारीस लागला आणि खिळे जुळविता जुळविता लेखक झाला. पुढे क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ पत्रात काम करीत असता १८५८ साली त्याने आर्टिमस वॉर्ड या नावाने पत्रे लिहिण्यास आरंभ केला. हा वॉर्ड म्हणजे मेणाच्या बाहुल्यांचा खेळ गावोगाव नेणारा एक अर्धशिक्षित, बढाईखोर गृहस्थ. त्याची पत्रे इतकी लोकप्रिय झाली की, २२ सप्टेंबर १८६२ रोजी गुलामांच्या मुक्ततेचा मसुदा मंत्रिमंडळापुढे मांडण्यापूर्वी लिंकनने प्रथम वॉर्डचे एक प्रकरण वाचून दाखविले. कित्येक मंत्र्यांना ते रुचले नाही, ही गोष्ट निराळी.

तोपर्यंत ब्राऊनने वृत्तपत्रातील नोकरी सोडली होती आणि १८६१ पासून तो व्याख्याने देऊ लागला होता. हे स्थित्यंतर दिसते तितके सोपे नव्हते. त्याच्या पत्रांतील विनोदाचा मोठा भार अशुद्ध लेखनावर होता. वेडावाकडा लिहिलेला शब्द डोळ्यांस हसवितो. परंतु उच्चारताच तो इतर शब्दांसारखाच होतो. म्हणजे ज्या शस्त्राने त्याने कीर्ती मिळविली, तेच व्यासपीठाच्या पायरीशी ठेवून त्यास वर चढावे लागले.

त्याच्या जागी त्याने जे शोधून काढिले ते सर्वस्वी नवे होते. खेडवळ वॉर्डचे सोंग त्याने घेतलेच नाही. सडपातळ बांध्याचा, नीटनेटक्या पोशाखाचा हा तरुण अत्यंत गंभीर मुद्रेने बोलू लागे. ‘वनातील बालके’ असा विषय जाहीर करून तो त्या बालकांकडे जवळजवळ वळतच नसे. एखादे विलक्षण वाक्य सहज बोलून तो थांबे. लोक हसू लागले की, यांस काय झाले, अशा नवलाने त्यांच्याकडे पाही. विनोद शब्दांतून निघून शब्दांमधील विरामात गेला.

डिसेंबर १८६३ मध्ये नेव्हाडातील व्हर्जिनिया सिटी येथे त्याची एका तरुण बातमीदाराशी गाठ पडली. तो बातमीदार म्हणजे मार्क ट्वेन. पुढे ट्वेनही व्याख्यानपीठावर आला, आणि गोष्ट कशी सांगावी यावर त्याने १८९५ साली निबंध लिहिला, तेव्हा निर्विकार चेहरा व अचूक विराम यांचे उदाहरण म्हणून त्यास वॉर्डचेच स्मरण झाले.

१८६६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये ब्राऊनने मॉर्मन लोकांवरील आपले सचित्र व्याख्यान सुरू केले. सभागृह भरून वाहू लागले. परंतु क्षयाने त्याचे शरीर पोखरले होते. जानेवारीत खेळ बंद पडले आणि ६ मार्च १८६७ रोजी साउथॅम्प्टन येथे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

छापलेला शब्द टिकतो आणि बोललेला विरून जातो, असे आपण लेखणीचे उपासक मोठ्या विश्वासाने म्हणतो. ब्राऊनच्या बाबतीत नेमके उलट घडले. त्याची पुस्तके आज क्वचितच कोणी उघडतो; ती अशुद्ध अक्षरे आता हसविण्यापेक्षा अडखळवितात अधिक. उलट, ज्याचा एकही ध्वनी कोठे साठविलेला नाही, तो त्याचा विराम मात्र ट्वेनच्या हाती गेला, आणि गंभीर चेहऱ्याने बोलून हसविणाऱ्या प्रत्येक वक्त्याच्या ठायी अद्यापि नांदत आहे. कला पुष्कळदा कागदावरून नव्हे, एका माणसाकडून दुसऱ्याकडे पाहून-ऐकून चालत येते, याचा याहून ठळक दाखला क्वचितच सापडेल.