गर्भिणीची झोप आणि रक्तशर्करा : धारवाड परिसरातील एक जुना संबंध

गर्भिणीने दिवसा झोपू नये आणि रात्री जागू नये, असा नियम सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. त्याच संहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांची, कारणे सांगताना दिवसाची झोप, आळस व गोड-स्निग्ध आहार एकत्र मोजले आहेत. चरकाने तर नित्य गोड खाणाऱ्या गर्भिणीचे मूल प्रमेही किंवा अतिस्थूल होते असे म्हटले आहे. झोप आणि साखर यांचा असा एकत्र विचार जुन्या वैद्यकात होता, पण रूढीने त्यातले सोयीचे तेवढेच उचलले.

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत डोहाळजेवण आणि कन्नड घरांत कुबुस बहुधा सातव्या महिन्यात होई. त्या ताटात पुरणपोळी, शेंगापोळी आणि धारवाडी पेढा असे. उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने एकोणिसाव्या शतकात धारवाडात रुजवलेला हा पेढा, खवा तपकिरी होईपर्यंत परतून वरून साखरेत घोळवलेला. ‘दिवसा लोळू नकोस’ हे सुनेला बजावले जाई, परंतु सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या नंतर पाठ टेकणारीची रात्र पुरी होते का, हे क्वचितच कोणी विचारी, आणि हा अन्याय रूढीच्या गोडव्याखाली झाकला गेला. तिला खरी विश्रांती मिळे ती माहेरी, जिथे आई गोधडीची, इकडच्या भाषेत कौदीची, घडी करून तिच्या गुडघ्यांमध्ये ठेवी आणि कुशीवर निजवी.

पुढे आधुनिक वैद्यकाचे शिक्षणही या भागात आले : 1956 मध्ये धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि 1957 मध्ये हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यानंतर काही वर्षांनी, 1964 मध्ये, बॉस्टनच्या ओसलिव्हन व महान यांनी 752 गर्भवतींच्या तपासणीवरून गर्भकालीन मधुमेहाचे, म्हणजे गरोदरपणातच प्रथम आढळणाऱ्या वाढीव रक्तशर्करेचे, निकष मांडले. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात आणि स्वादुपिंडाला ती तूट भरून काढता आली नाही की साखर वाढते. झोपेचा धागा मात्र बराच काळ बाजूलाच राहिला. 1999 मध्ये शिकागोत 11 तरुण पुरुषांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची साखर पचवण्याची क्षमता घटलेली दिसली, आणि 2017 मध्ये अमेरिकेतील पहिलटकरणींच्या अभ्यासात झोपेत श्वास अडखळणाऱ्या स्त्रियांत गर्भकालीन मधुमेह अधिक आढळला. म्हणजे घरात हसण्यावारी नेले जाणारे घोरणेही वैद्याच्या कानावर घालण्याजोगे आहे.

भारताच्या 2014 च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, आणि त्यातील साखर दर डेसिलिटरला 140 मिलिग्रॅम किंवा अधिक भरली तर गर्भकालीन मधुमेहाचे निदान होते. ही दुसरी तपासणी बहुधा डोहाळजेवणाच्या सुमारासच येते.