कुत्री, नियम आणि लोकसंमती : १८३२ च्या मुंबईतील दंगलीचा पुनर्विचार

प्रस्तावना

मुंबईतील दंगलींचा विचार करताना १८५१, १८७४ व १८९३ या वर्षांचा उल्लेख प्रामुख्याने केला जातो. या तिन्ही दंगली दोन जमातींमधील होत्या. त्यापूर्वी, जून १८३२ मध्ये झालेली दंगल मात्र प्राण्यांविषयीच्या एका स्थानिक नियमाविरुद्ध होती. त्या नियमाचे स्वरूप, त्याची अंमलबजावणी व परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियम व त्याची अंमलबजावणी

भटकी कुत्री ठरावीक काळात मारण्याची मुभा मुंबईत १८१३ च्या नियमाने देण्यात आली होती. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, अशी समजूत त्यामागे होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या वेळी कोणताही उपाय नव्हता. पाश्चरची लस १८८५ मध्ये आली. त्यामुळे सरकारची भीती निराधार होती, असे म्हणता येणार नाही.

१८३२ मध्ये उन्हाळ्यातील ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. शिवाय मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. दोषाचे मूळ येथेच आढळते. बक्षीस संख्येवर अवलंबून असल्याने पिसाळलेले व निरोगी, बेवारस व पाळीव असा भेद करण्याचे शिपायांना काहीच कारण उरले नाही. पाळीव कुत्रीही धरून मारली जातात, अशी लोकांची तक्रार होती.

६ व ७ जून १८३२

पारशी समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ भूतदयेचा नव्हता. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र मानले जाते. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' हा विधी अंत्यसंस्काराचे आवश्यक अंग होता आणि 'वेंदिदाद' या ग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. ६ जून रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर सुमारे दोनशे पारशांच्या जमावाने हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. या बंदमध्ये हिंदू व जैन व्यापारीही सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीचा रसद-पुरवठा अडविण्यात आला. अखेर सैन्य बोलावून शांतता प्रस्थापित करण्यात आली व अनेकांना अटक झाली.

परिणाम

त्यानंतर जमशेटजी जीजीभाई प्रभृती पारशी पुढाऱ्यांनी संघर्षाऐवजी अर्जविनंतीचा मार्ग स्वीकारला. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तडजोड सरकारने मान्य केली. १८३४ मध्ये जमशेटजी व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली. सरकारने ज्यांना उपद्रव मानले, त्या प्राण्यांचा सांभाळ समाजाने आपल्या खर्चाने स्वीकारला, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

निष्कर्ष

ही दंगल म्हणजे एका जमातीच्या धर्मभावनेचा उद्रेक होता, असे मानणे अपुरे ठरते. केवळ धर्मभावना हेच कारण असते, तर १८१३ पासून चालत आलेल्या नियमाविरुद्ध एकोणीस वर्षे वाट पाहिली गेली नसती व इतर व्यापारीही बंदमध्ये आले नसते. वाढविलेली मुदत, डोकेमोजणीचे बक्षीस आणि कुत्रे कोणाचे हे ठरविण्याचा शिपायाला मिळालेला अधिकार यांनी सहन होणारा नियम असह्य केला.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनी भटक्या कुत्र्यांसाठी निर्बीजीकरण व लसीकरणाचा मार्ग आखला. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि अवघ्या अकरा दिवसांत, २२ ऑगस्टला, त्यात बदल केला. रस्त्यावर चालणाऱ्याची सुरक्षितता व प्राण्याचा जीव या दोहोंचे मोल मान्य करूनच असा नियम टिकतो. तो कोण, कसा व कोणत्या मोबदल्यात राबविणार, हा १८३२ चा प्रश्न नियमकर्त्यांनी प्रथम विचारावयास हवा.