गुडघ्यावरील सैल त्वचा
गुडघ्याच्या वाटीवर आणि तिच्या वरच्या, आतल्या बाजूला त्वचा ढिली होऊन आडव्या वळ्या पडणे. सहसा हा रोग नसतो. चाळिशीनंतर हा बदल कमीअधिक प्रमाणात बहुतेकांत दिसतो. बीड जिल्ह्यात मात्र त्याची कारणे वयाबरोबरच कष्ट आणि बायकांचे आरोग्य यांतही शोधावी लागतात.

गुडघ्यावर कातडी मुळातच जास्तीची असते. पाय सरळ असताना ती गोळा होते. उकिडवे बसल्यावर सांधा सुमारे १४० ते १५० अंशांत दुमडतो, तेव्हा हीच जास्तीची कातडी ताणून वाटीवर पुरते. वाटी आणि त्वचा यांच्यामध्ये द्रवाची एक चपटी पिशवी असते. तिच्यामुळे त्वचा वाटीवरून सहज सरकते. म्हणून उभ्या असलेल्या लहान मुलाच्या गुडघ्यावरही वळ्या दिसतात आणि त्यात काळजीचे काही नसते. पाय सरळ केल्यावर कातडी पूर्ववत आवळून बसते की तशीच लोंबत राहते, एवढाच फरक पाहायचा.

तिला आवळून ठेवणारे दोन धागे त्वचेच्या आतल्या थरात असतात. कोलाजेन मजबुती देते, तर इलॅस्टिन ताणलेली त्वचा मागे ओढते. प्रौढपणी कोलाजेन दर वर्षी साधारण एक टक्क्याने घटते. इलॅस्टिनची गोष्ट अधिक कठीण आहे. ते बहुतांशी जन्माच्या आगेमागे आणि बालपणात तयार होते. पुढे झिजले तर कामाचे नवे इलॅस्टिन शरीर जवळजवळ बनवत नाही. गुडघ्याच्या पुढच्या भागावर तेलग्रंथीही थोड्या, त्यामुळे कोरडेपणात रेषा जास्त उठून दिसतात. शिवाय वयपरत्वे मांडीची सैल कातडी खाली सरकते आणि वाटीच्या वर येऊन अडते.

ऊन हे त्वचा म्हातारी करणारे सर्वांत मोठे बाहेरचे कारण. अतिनील किरणांमुळे कोलाजेन तोडणारी विकरे वाढतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने गोऱ्या त्वचेच्या मानाने सुरकुत्या उशिरा येतात, आधी डाग पडतात. तरी बीडच्या संदर्भात गुडघ्यापुरता सगळा दोष उन्हावर टाकणे पटत नाही. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कोप्या टाकून राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडात राबतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. बाई लुगड्यावर पुरुषी शर्ट चढवते, डोक्याला फडके बांधते. चेहरा आणि हात तरीही करपतात, गुडघे मात्र झाकलेले असतात. धोतर किंवा हाफ पँटवर काम करणाऱ्या पुरुषाचे तसे नसते. म्हणून झाकलेल्या गुडघ्याची कातडी अकाली सैल पडली, तर कारण शरीराच्या आत शोधावे.

त्यातले एक कारण म्हणजे इस्ट्रोजेन. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलाजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नुसते गर्भाशय काढल्याने इस्ट्रोजेन थांबत नाही, कारण ते बीजांडकोशात तयार होते. बीजांडकोशही काढले असतील तर मात्र पाळी जाण्याचे परिणाम एका रात्रीत सुरू होतात. ते ठेवले तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याची शक्यता असते. तिशीतल्या बाईची त्वचा आणि हाडे पन्नाशीतल्यासारखी वागू लागली, तर आधी शस्त्रक्रियेचे कागद पाहावेत. त्वचा हा त्यातला सर्वांत किरकोळ परिणाम. हाडे ठिसूळ होणे अधिक गंभीर.

दुसरे कारण स्नायूंचे. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाची मांडी घट्ट असते, आणि भरलेल्या स्नायूवर कातडी ताणलेली राहते. पुढे सांधा झिजतो, दुखतो, माणूस तो पाय वाचवून चालू लागतो. वापर कमी झाल्यावर मांडीच्या आतल्या अंगाचा स्नायू लवकर वाळतो आणि रिकाम्या जागेवरची कातडी खाली येते. अशा वेळी लोक वळ्यांकडे बघतात. खरे तर बघायला हवे ते मांडीकडे. झपाट्याने वजन उतरल्यानेही असेच होते. त्यामागे मधुमेह किंवा क्षय नाही ना, हे तपासून घ्यावे. शिवाय तंबाखूचा धूर कोलाजेनला मारक आहे.

सारवताना, खुरपताना किंवा नमाज पढताना गुडघे टेकून त्यांवरची त्वचा जाड आणि काळी होते, ती वेगळी. तिथे त्वचा घासली जाऊन उलट घट्ट होते. वाटीवर अचानक सूज, लाली आणि ऊब आली, तर आतली द्रवपिशवी सुजलेली असू शकते. तरुणपणीच सगळ्या अंगाची कातडी लोंबत असेल, तर दुर्मीळ आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. या शेवटच्या दोन्हींसाठी डॉक्टरांना दाखवावे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यातच आहे.

उपायांत जाहिरात जास्त आहे. आंघोळीनंतर ओलसर त्वचेवर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्याने कोरड्या रेषा मिटतात, लोंबणे जात नाही. ट्रेटिनॉइनचे मलम उन्हाने बिघडलेल्या त्वचेवर महिनोन्‌महिने लावल्यावर थोडा फरक दिसतो. गरोदरपणात ते वर्ज्य. इस्ट्रोजेनच्या गोळ्या केवळ कातडीसाठी देत नाहीत. सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय मांडीचा: पाठीवर झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा, थोडा थांबवून सावकाश खाली ठेवायचा. रेडिओलहरींच्या यंत्रांचा परिणाम मर्यादित आणि खर्च मोठा. जादा कातडी कापून काढता येते, पण टाक्यांची रेघ सांध्याजवळच येते, आणि प्रत्येक वेळी उकिडवे बसताना तिच्यावर ताण पडून व्रण रुंदावतो.