चालत्या पेटीची गोष्ट



ठाण्याहून वाशीकडे लोकल निघाली की ऐरोलीनंतर रबाळे लागतं. पूर्वी हा सगळा खाडीकाठचा पट्टा आगरी-कोळ्यांच्या गावांचा, भातशेतीचा आणि मिठागरांचा. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला कारखान्यांची रांग उभी राहिली. रबाळ्याच्या बऱ्याच कारखान्यांत तुम्हाला सरकता पट्टा दिसेल. माणूस जागेवर उभा असतो आणि माल चालत त्याच्यापुढे येतो.

आज मी अशाच एका पट्ट्याचा इतिहास सांगणार आहे. पण हा पट्टा ज्या खोलीतून जातो, त्या खोलीत तो चालू असताना कुणालाही पाऊल टाकता येत नाही. ही खोली म्हणजे विकिरण केंद्र. रबाळ्याहून थोडं पुढे वाशीत एक आहे, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला एक, आणि नाशिक जिल्ह्यात लासलगावला एक.

या खोलीत कोबाल्ट-६० नावाचा धातू असतो. त्यातून गॅमा किरणं निघतात. ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून आरपार जातात आणि आतले जंतू मारतात. एक्स-रे काढल्यावर आपला हात काही किरणं फेकत नाही ना? तसंच, या किरणांनी मिरची किंवा कांदा किरणोत्सर्गी होत नाही.

जगात याची मोठी सुरुवात झाली ती शेळीच्या केसांपासून. ऑस्ट्रेलियातल्या डँडेनाँग इथे गालिच्यांसाठी केसांचे गठ्ठे येत. त्यांतून कामगारांना अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांना होणारी फाशी, लागायची भीती होती. म्हणून १९६०च्या सुमारास तिथे कोबाल्टचं केंद्र उभं राहिलं.

आपल्याकडे १ जानेवारी १९७४ला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘आयसोमेड’ सुरू झालं. दवाखान्याचं सामान तिथे बंद खोक्यातच निर्जंतुक होऊ लागलं. त्यात खेड्यातल्या दाईंसाठीच्या बाळंतपणाच्या पिशव्याही होत्या. घरच्या विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा, हे आपल्यातल्या म्हाताऱ्या बायकांना सांगायला नको. पाकीट फोडेपर्यंत आतला दोरा आणि ब्लेड निर्जंतुक राहणं, याची किंमत आपल्याइतकी कुणाला कळणार?

पुढे २००० साली वाशीला मसाल्यांसाठी केंद्र झालं. २००२-०३मध्ये लासलगावला ‘कृषक’ आलं, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. तिथूनच २००७च्या एप्रिलमध्ये हापूस विकिरण होऊन अमेरिकेला गेला. आंब्यातल्या किडीच्या भीतीने तो रस्ता १८ वर्षं बंद होता.

आता त्या पट्ट्याकडे वळू. जत्रेतल्या पाळण्यासारख्या मोठ्या पेट्या वरच्या रुळाला टांगलेल्या असतात. त्या वळणावळणाच्या वाटेने आत शिरतात. वाट मुद्दाम वाकडी, कारण किरणं सरळ जातात, त्यांना वळता येत नाही. भिंती दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या. मधे कोबाल्टची चौकट. पेटी तिच्या एका बाजूने जाते, मग दुसऱ्या बाजूने. भाकरी एकाच बाजूने भाजली तर कच्ची राहते, तसंच हे. दोन्ही बाजूंनी सारखा शेक लागला पाहिजे.

किती शेक द्यायचा, हेही ठरलेलं असतं. तो मोजायचं माप म्हणजे ग्रे. कांद्याला ६० ते ९० ग्रे पुरतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४००. मसाल्याला ६ हजार ते १४ हजार, आणि दवाखान्याच्या सामानाला २५ हजार. कोबाल्टची आच आपल्याला कमी-जास्त करता येत नाही, तेव्हा पेटी आत किती वेळ ठेवायची, यावरच सगळं ठरतं. शिवाय कोबाल्ट दर महिन्याला साधारण एक टक्क्याने मंदावतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. म्हणून पेट्यांची चालही हळूहळू कमी करत न्यावी लागते. चाल चुकली तर जंतू जगतात, किंवा मालाची चव तरी बिघडते.

काम नसलं की कोबाल्टची चौकट खाली खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. पाणी किरणं अडवतं. पट्टा अडला तर चौकट आपोआप पाण्यात जावी, अशीच रचना असते. पण अडलेली पेटी चौकटीलाच टेकली तर? या धंद्यातले मोठे अपघात बहुतेक इथेच झाले आहेत.

१९८९ साली एल साल्वाडोर देशात पेट्या अडकून चौकट वरच राहिली. ती सोडवायला तीन कामगार आत गेले. त्यातला एक दगावला. १९९० साली इस्राएलमध्ये असंच झालं. खाली पडलेल्या खोक्यांनी चौकट अडवली. एक यंत्र सांगत होतं, चौकट पाण्यात गेली आहे. दुसरं यंत्र धोक्याचा इशारा देत होतं. कामगाराला वाटलं, इशारा देणारं यंत्रच बिघडलंय. तो आत गेला, जेमतेम मिनिटभर थांबला, आणि ३६ दिवसांनी वारला. त्याला ती किरणं दिसली नव्हती. गॅमा किरणांना ना रंग, ना वास.

या मरणांतून नियम कडक झाले. पेट्या आणि चौकट यांच्यामध्ये धातूचा आडोसा हवा, फाटकी खोकी आत जाता कामा नयेत, आणि दोन यंत्रं वेगवेगळं सांगत असतील तर धोक्याचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा. आपल्या देशात ही राखण अणुऊर्जा नियामक परिषद करते.

मैत्रिणींनो, तो शेवटचा नियम आपल्या घरच्या गिरणीला आणि कांडप यंत्रालाही लागू आहे. पट्टा अडला की आधी बटण बंद, मग मेन स्विच बंद, आणि मगच हात. ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून घाई करू नका.

आणि मसाला करणाऱ्या गटांसाठी एक गोष्ट. विकिरणाने जंतू मरतात, पण मिरचीतले खडे निघत नाहीत, फवारणीचं औषध जात नाही आणि सडलेला कांदा पुन्हा चांगला होत नाही. मिरची जमिनीवर न वाळवता स्वच्छ ताडपत्रीवर वाळवणं, हे काम आपलंच राहतं. विकिरण केलेल्या पाकिटावर हिरव्या गोलात पानाफुलाची खूण असते. दुकानात गेलात की ती बघा, आणि शेजारणीलाही दाखवा.