कंबरदुखी : मणक्यापासून मेंदूपर्यंत

कंबरेंत चमक भरली म्हणजे आपण शेक घेतों, लेप लावतों आणि चार दिवसांत हिंडूं-फिरूं लागतों. पण तीन महिने उलटले तरी जी कंबरदुखी हटत नाहीं, तिची गोष्ट निराळी. अशा रोग्याला घरचीं माणसेंहि हळूहळू कंटाळतात. ‘फोटोंत तर कांहींच निघालें नाहीं’ हें वाक्य त्याला दुखण्याहून अधिक लागतें. या वाक्यामागें एक इतिहास आहे.

१९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें कीं, मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाबते आणि त्यामुळें पायांत कळा उतरतात. शोध खरा होता; परंतु खऱ्या शोधाचा मोह मोठा. पुढें ज्या त्या कंबरदुखीच्या मुळाशीं चकतीच शोधण्याची प्रथा पडली. १९९४ सालीं अमेरिकेंत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचें एम्. आर्. आय्. चित्रण झालें, तेव्हां निम्म्याहून अधिकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या! मग वेदना असून चित्र निर्दोष निघालें, तर त्यांत रोग्याला खोटें ठरविण्याजोगें काय आहे?

वेदना जखमेच्या मापानें होत नाहीं, हें पन्नास वर्षें आधींच दिसलें होतें. १९४४ सालीं इटलींतील अँझिओच्या रणभूमीवर बीचर या अमेरिकन डॉक्टरला आढळलें कीं, गंभीर जखमी सैनिकांपैकीं पुष्कळजण वेदनाशामक औषध मागतच नाहींत. १९६५ सालीं मेल्झॅक आणि वॉल यांनीं उपपत्ति मांडली : पाठीच्या कण्यांत वेदनेच्या वाटेवर जणूं एक दरवाजा आहे, आणि मेंदू तो उघडूं अथवा लोटूं शकतो.

तो लोटण्याचें एक विलक्षण साधन गेल्या शतकाच्या अखेरीस सिॲटलच्या हॉफमन व पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनीं योजिलें. भाजलेल्या रोग्याची पट्टी बदलणें म्हणजे त्याला दुसऱ्यांदा भाजणेंच. त्यांनीं रोग्याच्या डोळ्यांवर संगणकाचें शिरस्त्राण चढविलें. पुढें तयार झालेल्या ‘स्नोवर्ल्ड’ या देखाव्यांत रोगी बर्फाच्या दरींतून तरंगत जातो, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेंकतो; इकडे परिचारिका पट्टी सोडवीत असते. या आभासी सृष्टीलाच व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात.

पण पट्टीचें काम थोड्या वेळांत आटोपतें. कंबर रोज सकाळीं पुन्हा दुखते. तेथें नुसतें मन रमवून भागत नाहीं. अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनानें पोळलेल्या अमेरिकेंत जी योजना आंखली गेली ती म्हणूनच करमणुकीची नव्हे, शिकवणीची आहे : आठ आठवडे, रोज दोन ते सोळा मिनिटांचा एक पाठ. त्यांत दीर्घ श्वसन, लक्ष दुसरीकडे वळविणें, योग्य हालचाल आणि वेदना म्हणजे काय याचें ज्ञान. १७९ जणांवर ती घरच्या घरीं अजमावण्यांत आली. दुसऱ्या गटाच्या शिरस्त्राणांत निसर्गाचीं साधीं, सपाट दृश्यें होतीं. पहिल्या गटांतील ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटली. दुसऱ्यांतील ४१ टक्क्यांची. नोव्हेंबर २०२१ मध्यें तेथील अन्न व औषध प्रशासनानें प्रौढ रोग्यांसाठीं, इतर उपचारांच्या जोडीला आणि डॉक्टरच्या चिठ्ठीनेंच, या साधनाला संमति दिली.

मला यांतला दुसरा आंकडा अधिक बोलका वाटतो. सपाट दृश्यें पाहणाऱ्यांनाहि उतार पडला. त्यांत काळाचा आणि अपेक्षेचा वांटा असेल, पण म्हणून त्यांचें आधींचें दुखणें खोटें ठरत नाहीं. पहिल्या गटांतल्या ३४ टक्क्यांना तितका गुण आलाच नाहीं. कांहींना शिरस्त्राणाचा त्रास झाला, कांहींना मळमळलें. त्यांच्या उशाशीं शेकाची पिशवी अजून असेल.