बेचिराख, मागास, उजाड : नांदेड-लातूरच्या पडझडीची भाषा

'बेचिराख' हा शब्द आजच्या मराठीत जळून भस्म झालेल्या गोष्टीसाठी वापरला जातो. त्यातील 'राख' कानाला ऐकू येते आणि अर्थ तिकडे ओढला जातो. मुळातला शब्द फार्सी 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. जुन्या महसुली दप्तरात शिवार आहे, आकार आहे, पण वस्ती उरलेली नाही अशा मौज्यापुढे हा शेरा पडे. शेरा कोरडा आहे. गाव का उठले, कोण कुठे गेले, याबद्दल तो हळहळत नाही. वाङ्मयीन मराठीने त्याच शब्दाला आगीचा आणि आकांताचा अर्थ दिला. न लागलेल्या दिव्याची नोंद करणाऱ्या शब्दाचे आपत्तीचे विशेषण झाले. गावाच्या ऱ्हासाविषयी मराठीत कसे बोलले जाते, याचा इतिहास या एका अर्थांतरात बराचसा सामावलेला आहे. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या दोन शहरांच्या संदर्भात तो तपासला तर प्रादेशिक जाणिवेच्या चर्चेत सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न पुढे येतो : ही पडझड कुणाला उद्देशून सांगितली जाते?

या प्रदेशाला गावाविषयी बोलण्याच्या दोन रीती वारशाने मिळाल्या. पहिली बिरुदाची. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अभ्यासक सामान्यतः मानतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की नवव्या शतकात अमोघवर्षाच्या लेखात हे बिरुद येते तेव्हा राजधानी मान्यखेटला आहे. पुढे सौंदत्तीचे रट्टही तेच बिरुद मिरवतात, आणि ते तर आणखी दूर आहेत. म्हणजे श्रेष्ठ नगर म्हणून लातूरचा उच्चार होतो तो लातूर सोडून गेलेल्यांच्या तोंडून. त्या काळी प्रत्यक्ष लातूर कसे होते, याविषयी बिरुद मौन पाळते. नांदेड जिल्ह्यातील कंधारची कथा थोडी वेगळी आहे. तिथे जगत्तुंगसमुद्र हा तलाव आहे, किल्ला आहे, राष्ट्रकूटकालीन शिल्पांचे अवशेष आहेत. पण स्थानिक इतिहासलेखनाने त्यांच्याकडे पाहिले ते बहुधा बिरुदाच्याच नजरेने. एके काळी काय होते हे विस्ताराने सांगायचे आणि आज काय आहे ते एका उसाशात आटोपायचे, हा त्या लेखनाचा घाट आहे. स्मरणरंजन हे आधुनिक शहरी मनाचे अपत्य आहे, हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागते. बिरुदात ते हजार वर्षांपूर्वीही होते.

दुसरी रीत अर्जाची. गाव ओस पडले, रयत परागंदा झाली, विहिरी आटल्या, सबब सारा माफ व्हावा : हा मजकूर मध्ययुगीन आणि उत्तरकालीन कागदपत्रांत सर्वत्र आढळतो. त्यात खोटे असतेच असे नाही. दुष्काळ खरे होते, लुटालूट खरी होती. परंतु या मजकुराची रचना वाचणाऱ्याच्या हातातील सवलतीवर बेतलेली असते. सरकारचे दुर्लक्ष, निसर्गाचा कोप आणि परचक्र एवढीच कारणे त्यात येऊ शकतात. पाटलाने काय केले, सावकाराने काय केले, गावाने गावाचे काय केले, हे अर्जात लिहिण्याची सोय नाही. 'ओसाड गावची पाटिलकी' ही म्हण अर्जाबाहेरची. तिच्यातील उपरोध गावकऱ्यांनी आपसात बोलताना घडला असणार, सरकारदरबारी नव्हे.

निजामी राजवटीत ही दुसरी रीत अधिक घट्ट झाली. गश्ती क्रमांक ५३सारख्या फर्मानांमुळे सभा भरवायलाही परवानगी लागे आणि शिक्षणाचे व कारभाराचे माध्यम उर्दू होते. अशा स्थितीत जे बोलायचे ते आडवळणाने किंवा विनंतीच्या सुरात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. अर्ज घेणारा बदलला, अर्ज राहिला. त्याला आता 'मागासलेपण' ही नवी संज्ञा मिळाली. १९७४च्या विकास आंदोलनाने तिला धार दिली, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४च्या अहवालात तिला आकडा दिला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा किती यावर पुढे पिढीभर वाद चालला. या मागण्या न्याय्य होत्या, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. सिंचन, रस्ते, रेल्वे यांतील तफावत कुणी कल्पनेने रचलेली नव्हती. प्रश्न वेगळा आहे. अनुशेषाची भाषा वाङ्मयाची आणि समीक्षेचीही भाषा बनली तेव्हा 'मराठवाड्याचे दुःख' हे एक तयार आशयसूत्र झाले. दुःखाचा कर्ता नेहमी बाहेरचा असे.

नांदेडची उस्मानशाही मिल हे याचे साधे उदाहरण. निजामाच्या नावाची ही कापडगिरणी १९७४च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. शहराच्या आठवणीत ती 'अन्याया'च्या यादीतील एक नोंद म्हणून राहिली. गिरणीभोवतीच्या वस्त्या, त्यांतील तेलुगू-उर्दू-मराठी अशी मिसळलेली बोली, पाळ्यांवर चालणारा बाजार आणि तो बंद झाल्यावर शहराने शोधलेले इतर धंदे यांचे बारकाईचे चित्रण करणारी कादंबरी मुंबईच्या गिरणगावाला लाभली तशी नांदेडला लाभली नाही. नांदेडात स्पष्ट बोलणारे नव्हते असे नाही. पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्याइतका निर्भीड लेखक त्या काळी महाराष्ट्रात विरळाच होता. मात्र त्यांच्या निर्भीडपणाचा मुख्य रोख परंपरा, धर्म आणि राजकारण यांच्यावर राहिला. नांदेड त्यांचे व्यासपीठ होते, विषय क्वचितच झाले.

अर्जाच्या भाषेची खरी मर्यादा १९४८च्या संदर्भात उघडी पडते. लातूरची आडतपेठ त्या काळी हैदराबाद संस्थानातील मोठ्या पेठांपैकी एक होती. मध्यभागी १९१७ची गंजगोलाई, तिच्यापासून चहूकडे फुटणारे रस्ते आणि १९११मध्ये येऊन पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे यांवर ती उभी होती. कच्छी मुसलमान व्यापारी या पेठेचा मोठा आधार होते. रझाकारांचा नेता कासिम रझवी याच लातुरात वकिली करत असे, हेही याच शहराच्या इतिहासाचा भाग आहे. रझाकारांचे अत्याचार, त्यांविरुद्धचा लढा आणि १७ सप्टेंबर १९४८ची मुक्ती यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते. त्या तारखेनंतरच्या आठवड्यांचे काय? भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत संस्थानात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे तिला सर्वाधिक होरपळलेले आढळले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. समितीच्या नोंदीप्रमाणे लातुरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुस्लीम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते. हजारावर मारले गेले होते आणि बाकीचे सर्वस्व गमावून पळाले होते. संपूर्ण संस्थानात मृतांचा तिचा सावध अंदाज २७ ते ४० हजार असा होता. शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही तिने नोंद घेतली. अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. २०१३मध्ये अ. गो. नूराणी यांच्या इंग्रजी ग्रंथातून तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत आला.

आकड्यांविषयी इतिहासकारांत मतभेद असू शकतात. वाङ्मयाच्या अभ्यासकापुढचा मुद्दा निराळा आहे. एका बाजारपेठेतून तिच्या व्यापारी वर्गाचा मोठा भाग तीन आठवड्यांत नाहीसा होतो, आणि तरीही त्या शहराच्या उत्कर्ष-अपकर्षाच्या मराठी कथनात ही घटना सहसा कारण म्हणून येत नाही. ती येऊ शकत नाही, कारण अर्जात ती बसत नाही. ती केंद्राकडे मागता येत नाही, मुंबईकडे मागता येत नाही. ती सांगायची तर एकमेकांनाच सांगावी लागते. शिवाय ती सांगितल्याने मुक्तिलढ्याचे मोल उणे होते अशी एक भीती असावी. ही भीती अनाठायी आहे. रझाकारांचा जुलूम आणि नंतरचा सूड या दोन्ही गोष्टी एकाच पेठेत घडल्या, आणि पेठेचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन्हींची गाठ पडणारच.

याच आठवड्यांत, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी भारतीय खेड्याच्या गौरवगाथेवर हल्ला चढवला आणि खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे सांगितले. मराठवाड्यात तेव्हा काय चालले होते याच्याशी त्या भाषणाचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण मूळ गावाविषयी खरे बोलण्याची आधुनिक मराठी परंपरा या भूमिकेतून निघाली, हे दलित आत्मकथनांच्या वाचकाला सांगावे लागत नाही. तिथे गाव हरवले म्हणून शोक नाही. गाव होते तसे आठवते म्हणून धग आहे. त्या खरेपणाची किंमत मराठवाड्याने १९७८मध्ये पाहिली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलैच्या अखेरीस झाला आणि ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. 'मागास' या एका विशेषणाखाली साऱ्या प्रदेशाला एक दुःखी समूह मानणारी मांडणी त्या ऑगस्टनंतर टिकायला नको होती. ती टिकली.

ग्रामीण कादंबरीत या मांडणीला छेद गेला तो निवेदकाच्या निवडीतून. रा. रं. बोराडे मूळचे लातूर जिल्ह्यातील काटगावचे. त्यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत एका शिंपी कुटुंबाची वाताहत आहे आणि ती सांगते शिंप्याची बायको, तिच्या मराठवाडी बोलीत. समीक्षेने या बोलीचे 'अस्सलपणा' म्हणून कौतुक केले. त्याहून महत्त्वाचे आहे ते निवेदनाचे संबोधन. ही बाई कुणापुढे अर्ज करत नाही. नवऱ्याचा हेका, गावातील दांडग्यांची मुजोरी, घरातील ताणतणाव हे सारे ती एकाच श्वासात आणि एकाच पातळीवर मांडते. त्यामुळे वाचकाला बाहेरचा एकच खलपुरुष सापडत नाही. पडझड कशी होते ते तेवढे दिसते. प्रादेशिक कादंबरीच्या आपल्या व्याख्यांत भूप्रदेश, बोली, लोकजीवन यांना स्थान आहे. निवेदन कुणाला उद्देशून आहे याला नाही. ही उणीव भरून काढल्याशिवाय 'पाचोळा'चे वेगळेपण नीट सांगता येणार नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे ८ ते १० हजार माणसे गेली. त्यांना मारले ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर असलेले माळवद हे उष्ण प्रदेशातील शहाणे बांधकाम मानले जाई, आणि मराठवाड्याच्या वाङ्मयात वाडा, गढी, माळवद ही प्रतिष्ठेची आणि ओलाव्याची चिन्हे होती. त्या रात्री कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांतील माणसे तुलनेने अधिक वाचली. एका चिन्हव्यवस्थेचा असा उलटा अर्थ एका मिनिटाच्या आत लागल्याचे दुसरे उदाहरण मराठी वाङ्मयाच्या परिसरात नसेल. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी गेली. घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची मिळाली. जुन्या गावातील उतरंड नव्या आखणीत चौरस फुटांत मोजून उतरली, आणि सरळ रेषेतील रुंद रस्त्यांच्या या गावांना जुनीच नावे राहिली. भूकंपावर पुढे जे साहित्य आले त्यात आक्रोश पुष्कळ आहे. या चौरस फुटांविषयी बोलणारे थोडे.

नांदेडला २००८मध्ये, गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, मोठा निधी आला. रस्ते रुंद झाले, गुरुद्वाऱ्याभोवतीची दाट जुनी वस्ती मोकळी करण्यात आली. शहर सुधारले, यात शंका नाही. पाडलेल्या गल्ल्यांचे वर्णन मात्र कुठे शोधावे हा प्रश्न उरतो.

लातूरचे शेवटचे मोठे दर्शन देशाला झाले ते १२ एप्रिल २०१६ रोजी. मांजरा धरण आटले होते. मार्चपासून पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू होती. आणि मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी स्थानकात आली. २०११च्या जनगणनेत ३ लाख ८२ हजारांवर वस्ती असलेले शहर वाघिणींची वाट पाहत होते. वृत्तपत्रांनी लिहिले ते अर्जाच्या भाषेत : निसर्ग कोपला, शासन झोपले. मांजरा खोऱ्यात दुष्काळातही उभ्या असलेल्या उसाचा आणि तो लावणाऱ्या, गाळणाऱ्या, त्यावर निवडून येणाऱ्या लातूरकरांचा विषय अग्रलेखांत निघाला, पण बहुधा पुण्या-मुंबईच्या लेखण्यांतून, आणि तो तसा निघाल्यामुळे गावात त्याला अपमानाचे रूप आले. ती गाडी आली तो मार्ग जुन्या बार्शी लाइटचाच, अडीच फुटांचा होता तो रुंद केलेला. शंभर वर्षांपूर्वी याच मार्गाने लातूरच्या आडतीतील धान्य, तेलबिया आणि कापूस बाहेर जात असे.