बल्लारपूर, बांबू आणि देण्यांची रांग

जानेवारी 2020. बल्लारपूर इंडस्ट्रीज नादारीच्या प्रक्रियेत गेल्याची बातमी मी पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर वाचली. मी चंद्रपूरचा. मनात पहिला प्रश्न आला, आता पेपर मिलचं काय? उत्तर शोधायला बसलो, तर हाती दुसरंच लागलं. करमचंद थापर यांनी 1945 मध्ये सुरू केलेल्या आणि 1975 पासून बल्लारपूर इंडस्ट्रीज हे नाव लावणाऱ्या या कंपनीकडे तेव्हा बल्लारपूरची मिल थेट नव्हतीच. ती होती बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स या उपकंपनीकडे, भिगवण आणि गडचिरोलीतल्या आष्टीच्या कारखान्यांसोबत. गावाला दोन्ही एकच वाटतात, कायद्याला त्या दोन वेगळ्या ‘व्यक्ती’ दिसतात. दिवाळखोरीच्या वकिलाचा पहिला प्रश्न म्हणूनच असतो, ‘नेमकं देणं कुणाचं?’

दुसरा प्रश्न रांगेचा. पैसे कमी, मागणारे जास्त. मग आधी कोण?

1985 च्या सुमारास सनद घेतलेला एखादा वकील डोळ्यांसमोर आणा. त्याच्या कारकिर्दीत ही रांग तीन-चारदा बदलली. तेव्हा बुडीत कंपनी गुंडाळायचा अर्ज हायकोर्टात जायचा. या सुनावणीत कामगारांनाही बोलायचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने ठरवलं ते डिसेंबर 1982 मध्ये, पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने. 1985 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीला आली.

त्याच वर्षी आजारी उद्योगांचा कायदा आला आणि 1987 पासून दिल्लीत त्याचं मंडळ, बीआयएफआर, काम करू लागलं. कंपनी तिथे गेली की वसुलीच्या कारवाया थांबायच्या. त्यामुळे कर्जदाराच्या बाजूच्या वकिलाचं मोठं कौशल्य म्हणजे पुढची तारीख मिळवणं. 1993 च्या कायद्याने बँकांना वेगळी वसुली न्यायाधिकरणं मिळाली. 2002 च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा दिली. आणि 2016 मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. आता मुंबईच्या एनसीएलटीपुढे घड्याळ लावून काम. कायद्यात कमाल मुदत 330 दिवसांची आहे. बल्लारपूर इंडस्ट्रीजची योजना मंजूर व्हायला 2023 उजाडलं. मध्ये कोविड होता हे खरं, पण मुदत कागदावर आणि तारीख कोर्टात, हे आपल्याकडे जुनंच आहे.

संहितेचं कलम 53 मी वाचलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. आमच्या भाषेत ती प्रायॉरिटी क्यू. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि तारणधारक, दोघे बरोबरीने. मग इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची देणी. मग विनातारण कर्ज देणारे वित्तीय धनको. त्यानंतर सरकारी देणी. माल पुरवणारे ‘उरलेली देणी’ या खणात, जवळजवळ शेपटाला. आणि कंपनी वाचवायची योजना मंजूर करताना मत कुणाला? मुख्यतः कर्ज देणाऱ्यांना. योजना मंजूर व्हायला 66 टक्के मतं लागतात.

इथे मला गडचिरोली आठवली. कागद बांबूचा आणि बांबू तिथल्या जंगलातला. ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या संहितेने औद्योगिक विवाद कायद्यातून घेतली आहे. मिलच्या हजेरीपटावरचा माणूस त्यात बसतो. पण बांबू पुरवणारा ठेकेदार ठरतो मालाचा धनको, आणि त्या ठेकेदाराकडे बांबू तोडणारा गोंड मजूर या रांगेत सहसा दिसतच नाही. त्याचं देणं ठेकेदाराकडे आणि ठेकेदार शेपटाला.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या रांगेत पुढे घुसायचा प्रयत्न केला नाही, त्यांनी वेगळाच रस्ता धरला. वनहक्क कायदा 2006 चा. त्यात बांबू हे गौण वनोपज आहे आणि त्याची मालकी ग्रामसभेची. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो वनखात्याच्या हातात. अखेर 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक गावाच्या हाती आलं.

दिवाळखोरीच्या वकिलाला या पुस्तकाचं मोल चटकन कळेल. संहितेतला एक नियम असा की, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीकडे नुसती ठेवायला असेल, तर ती कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. मालक आपली वस्तू परत मागतो, धनको मात्र पैशासाठी रांगेत उभा राहतो. अर्थात माल उधारीवर विकला की मालकही धनको होतो आणि शेपटाला जातो. म्हणून परवाना देण्याआधी पैसे मोजून घ्यायची ताकद ज्याच्या हातात, त्याला कलम 53 पाठ करावं लागत नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, वकिलाचं काम रांग लागल्यावर सुरू होतं. आता वाटतं, त्यातलं निम्मं काम रांग लागण्याआधीचं आहे. करार लिहिताना, मालकी ठरवताना, उधारी देताना. आमच्या भागातली ‘लॉ’ करणारी पोरं भेटली की मी आता हेच सांगतो. मुंबईला नक्की जा, एनसीएलटी बघा. पण एखाद्या ग्रामसभेचा बांबू विक्रीचा करार तपासून द्यायला परत या.